बराकांना का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

‘लेक बराकांसाठी दारोदार फिरली आणि तुम्ही मत शेरिलबाईंना दिलंत?’ इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये किराणा घेताना, कुणाच्या बारशाला, कुठेही मला हे विचारतात. एकदा नीट सांगते.

मी डोळे झाकून मत दिलं नाही. न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, सहाजण होते. फुलप यांचं घरांबद्दलचं म्हणणं पटायचं. गॉटहायमर कर कमी करू म्हणायचे, आणि प्रॉपर्टी टॅक्स भरून मेटाकुटीला आलेल्या आम्हाला ते बरं वाटायचं. पण मनात होते रास बराका. ९ मे २०२५ला नेवार्कमध्ये, ते महापौर असलेल्या शहरात, डिलेनी हॉल या स्थलांतरितांच्या कोठडीबाहेर त्यांना बेड्या घातल्या. त्यांच्यावरचा आरोप नंतर मागे घेतला गेला. ग्रीन कार्डाच्या रांगेत उमेदीची वर्षं घालवलेल्या मला तो व्हिडिओ बघून रडू आलं. त्याच रात्री लेकीला म्हटलं, ‘माझं मत यांनाच.’ तिचं हे पहिलंच मतदान.

१० जूनला संध्याकाळी दोघी बरोबर गेलो. काउंटीच्या पुढाऱ्यांनी पसंत केलेल्यांची वेगळी रांग या वेळी मतपत्रिकेवर नव्हती. त्या रांगेवर मी वर्षानुवर्षं चिडत आले होते. आता कुणी बोट धरून दाखवत नव्हतं, आणि माझंच बोट अडलं. २०२१मध्ये आमच्याच पक्षाचे गव्हर्नर मर्फी जेमतेम तीन टक्क्यांनी तरले. २०२४मध्ये ट्रम्प इथे सहा टक्क्यांहून कमी फरकाने हरले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोर पुन्हा मर्फींशी लढलेले रिपब्लिकन चिआतारेली येणार हे दिसत होतं. वाटलं, ज्या अटकेमुळे मला हा माणूस आपला वाटला, तीच अटक नोव्हेंबरात त्याच्यावर उलटवतील. आणि खरं सांगायचं तर, एका कृष्णवर्णीय माणसाला बाकीचे मत देतील का, हेही मनात आलं. मी शेरिल यांच्या नावावर बोट ठेवलं.

गाडीत लेकीने विचारलं, ‘दिलंस ना?’ खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘आई, लोक नको म्हणतील म्हणून आधी तूच नको म्हणालीस.’ घरी आल्यावर ती जेवली नाही. उरलेली पत्रकं सकाळी रद्दीत होती.

शेरिल काही लेच्यापेच्या नव्हत्या. नौदलात हेलिकॉप्टर चालवलेली बाई, २०१८मध्ये रिपब्लिकनांकडची जागा जिंकून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेलेली. विजेच्या बिलांवर त्या पोटतिडकीने बोलत होत्या. प्रायमरीत त्यांना सुमारे एक तृतीयांश मतं पडली, बराका दुसरे आले. माझ्या एका मताने काही बदललं नसतं. नोव्हेंबरात त्या तेरा टक्क्यांहून जास्त फरकाने निवडून आल्या. त्या रात्री ‘बघ, सांगत नव्हते?’ असं ओठांवर आलं होतं. पण एवढ्या फरकात बराकाही निवडून आले असते की काय? मला ठरवता येत नाही.

पूर्वी ‘जिंकणाऱ्यालाच मत द्यावं’ म्हणणाऱ्यांशी मी तावातावाने भांडायचे. आता भांडायला तोंड उघडलं की लेकीचं ते वाक्य आठवतं. तुम्ही सगळे विचारता, मत कुणाला दिलंत. ती आता विचारत नाही.