धुराडी एका राजवाड्यात, घर दुसऱ्यात

सोलमध्ये एकच राजवाडा बघायला वेळ असला की बहुतेक जण ग्योंगबोकगुंगला जातात. भला मोठा दरवाजा, पहारेबदलीचा सोहळा, भाड्याचा हानबोक (पारंपरिक कोरियन पोशाख) घालून फोटो, झालं. माझं मत विचाराल तर एकच बघायचा असेल तर चांगदोकगुंग. दोन्ही जमत असतील तर आधी चांगदोकगुंग, मग ग्योंगबोकगुंग. चांगदोकगुंग सोमवारी बंद असतो आणि ग्योंगबोकगुंग मंगळवारी. त्यामुळे हाताशी नेमके हेच दोन वार असतील तर क्रम नाइलाजाने उलटा होतो, तेवढं सोडा.

मेट्रोची ३ नंबरची लाइन, आनगुक स्टेशन, ३ नंबरचं एक्झिट, तिथून सरळ चालत पाच-सात मिनिटं. मी गेले तेव्हा तिकीट ३,००० वॉन होतं, मागच्या हुवोन बागेचे ५,००० वेगळे. हानबोक घातला तर राजवाडा फुकट, बाग नाही. हे दाराशी कळलं की लोक फार चिडतात. बागेत एकट्याने भटकता येत नाही, ठरलेल्या वेळी गाइडबरोबरच जायचं. तिकिटं सहा दिवस आधी, तिथल्या सकाळी १० वाजता ऑनलाइन खुली होतात, म्हणजे आपल्याकडे साडेसहा. पानं रंगतात त्या दिवसांत सात वाजता उठणाऱ्याला काही मिळत नाही. मग सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभं राहून उरलेल्या तिकिटांवर भरवसा.

राजा तेजोंगने १४०५ मध्ये हा दुसरा राजवाडा म्हणून बांधला. १५९२ च्या जपानी स्वारीत सोलमधले सगळे राजवाडे जळाले. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हा आधी उभा राहिला आणि ग्योंगबोकगुंग १८६० च्या दशकापर्यंत तसाच ओसाड पडून होता. मधली अडीचशेहून जास्त वर्षं राज्यकारभार चालला तो इथून. तरी मान मोठ्या भावाला.

इंजोंगजोन या मुख्य दरबारापाशी गर्दी सगळ्यात जास्त आणि बघण्यासारखं त्या मानाने कमी. आताची इमारत १८०४ ची. आत डोकावलं तर सिंहासनाच्या वर विजेचे दिवे आणि दारांना पडदे. ही १९०८ ची आधुनिकता. अंगणातल्या पदनिहाय उभं राहायच्या दगडी खुणांचे फोटो सगळे काढतात, पण त्यांच्या भोवतीची फरशी बघा. जपानी अमलात जुनी फरशी उखडून इथे हिरवळ लावली होती. आताची १९९० च्या दशकातली, सरळ कापलेली, फारच नीटनेटकी. खडबडीत जुनी ग्रॅनाइट बघायची तर शेजारच्या जोंगम्योला, म्हणजे राजघराण्याच्या पूर्वजांच्या देवळात, जावं लागतं. निळ्या कौलांचं सोनजोंगजोन वाटेतच आहे, चुकवू नका. सोलच्या राजवाड्यांत निळी कौलं एवढ्या एकाच इमारतीवर उरली आहेत.

खरी थांबायची जागा त्याच्या शेजारी, पूर्वेला. हुइजोंगदांग हे राजाचं आणि देजोजोन हे राणीचं निवासस्थान. इथे लोक छपराकडे बघत पुढे सरकतात. त्यांचंही चुकत नाही, कारण देजोजोनच्या छपराच्या माथ्यावर जाड आढं नाही, कौलं एका उतारावरून दुसऱ्या उतारावर नुसती वळतात. त्या आढ्याला ड्रॅगन मानत. राजा हाच ड्रॅगन, मग त्याच्या डोक्यावर आणखी एक ड्रॅगन कशाला, असं सांगतात. पण मान खाली घाला. लाकडी पडवीच्या खाली, जोत्यात, काळवंडलेली चौकोनी तोंडं दिसतील. ही ओंदोलची, म्हणजे जमिनीखालून खोली तापवायच्या कोरियन पद्धतीची, चुलाणी.

तोंडाशी जाळ करायचा. धग आत शिरली की लगेच एक छोटा चढ लागतो. त्याने राख अलीकडेच राहते आणि गरम हवा उलटी फिरत नाही. पुढे खोलीच्या जमिनीखाली दगडी भिंतुकल्यांचे बोळ, त्यांवर सपाट लाद्या, लाद्यांवर मातीचा लेप आणि सगळ्यात वर तेल पाजलेला कागद. बोळांच्या शेवटी खोलगट खड्डा असतो, तिथे काजळी बसते आणि उरलेला धूर धुराड्याकडे जातो. जाळाजवळच्या लाद्या जाड, त्यांवर मातीही जास्त, लांबच्या पातळ. असं केलं नाही तर एका टोकाला कागद करपतो आणि दुसऱ्या टोकाला पाय गारठतात. एवढं करूनही जाळाकडची बाजूच जास्त ऊबदार राहते. तिथे घरातलं वडीलधारं माणूस बसायचं.

सांध्यातली माती तडकली की धूर खोलीत येतो, आणि धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड, जो झोपेतच जीव घेतो. बोळात काजळी साचली की ओढ मरते आणि जाळ चुलाण्याच्या तोंडातून बाहेर येतो. राजवाड्यात लाकडाऐवजी लोणारी कोळसा वापरत ते धूर आणि ठिणग्या कमी व्हाव्यात म्हणून. इमारतीच्या मधोमध मात्र खाली काहीच नाही, तिथे लाकडी फळ्यांची जमीन, ती उन्हाळ्यासाठी. बंद, न तापवलेली लाकडी इमारत ओल धरते, किडते, त्यामुळे चुलाणी विझली की नुसती माणसंच नाही, घरही आजारी पडतं.

आता क्रमाचं कारण. १९१७ मध्ये इथली ही निवासस्थानं जळाली. नवीन बांधायची तर ग्योंगबोकगुंगमधली राजा-राणीची घरं, कांगन्योंगजोन आणि ग्योतेजोन, उतरवून त्यांचं लाकूड इकडे आणलं, आणि १९२० मध्ये काम संपलं. हुइजोंगदांगच्या तोंडाला मोटार थेट दाराशी लागेल असा पोर्च आहे, तो तेव्हाचा. म्हणजे ग्योंगबोकगुंगमध्ये आज ज्यांच्यापुढे ‘राजाचं शयनगृह’ म्हणून पाटी वाचतात त्या इमारती १९९५ च्या, आणि त्यांचं मूळ लाकूड इथे. पाटीवर हे ठळक लिहायला काय हरकत आहे, मला कळत नाही.

हुवोनमध्ये साधारण दीड तास चढउतार आहे, सपाट पण पकड असलेले बूट हवेत. चौकोनी तळं, मधोमध गोल बेट आणि काठावर १७७६ चं जुहामनू, खालच्या मजल्यावर राजाचं ग्रंथालय. वर जायच्या दारात मधला मोठा दरवाजा राजाचा, बाजूचे बुटके मंत्र्यांचे. वाकल्याशिवाय जाताच येऊ नये म्हणून. आत खायला काही मिळत नाही. बागेच्या तोंडाशीच शेजारच्या चांगग्योंगगुंगचं दार आहे, १,००० वॉन वेगळे. पाय शिल्लक असतील तरच.

ग्योंगबोकगुंगला गेलात की दरबार झटपट आटपून ग्योतेजोनच्या मागच्या बाजूला जा. तिथे आमिसान नावाची पायऱ्यापायऱ्यांची बाग आहे आणि तीत नारिंगी विटांची चार षटकोनी धुराडी, अडीच मीटरहून थोडी जास्त उंच, अंगावर बांबू, करकोचे, वटवाघळं. घर हलवलं, धुराडी राहिली. चुलाण्यापासून तिथवर धुराची वाट जमिनीखालून काढलेली असते, म्हणून ती घराला चिकटलेली नाहीत. समोरचं घर १९९५ चं. ज्या घराचा धूर ती ओढायची, त्याचं लाकूड पूर्वेला, पुढच्याच मेट्रो स्टेशनजवळ.