तुम्ही विचारलंत म्हणून : अधिवेशन नसतं तेव्हा संसद काय करते?

हा प्रश्न बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच येतो. वर्षाला पन्नास-साठ दिवस बसायचं, त्यातले निम्मे गोंधळात, मग उरलेल्या तीनशे दिवसांचं काय? टोमण्यातला आकडा खरा आहे. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी 135 दिवस बसली होती. सतरावी लोकसभा (2019-24) पाच वर्षांत मिळून 274 दिवस बसली, म्हणजे वर्षाला 55. राज्यघटनेने किमान दिवस ठरवलेलेच नाहीत. कलम 85 मध्ये एवढंच आहे की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त खंड नको. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी ही वाटणी प्रथेने पडलेली, आणि तारखा ठरवतं सरकार.

पण संसदेचं वर्ष समजून घ्यायचं तर सभागृहापेक्षा पैशाच्या मागे जावं. 2017 पासून अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो. त्यावर सर्वसाधारण चर्चा होते आणि मग सभागृहं सुमारे तीन आठवडे उठतात. टीव्हीवाल्यांच्या लेखी ही सुट्टी. प्रत्यक्षात याच दिवसांत मंत्रालयांच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमा, 24 स्थायी समित्यांपुढे जातात. या मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या खासदारांच्या समित्या. एका समितीत 31 सदस्य असतात, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. या समित्या 1993 साली, लातूरचे शिवराज पाटील लोकसभेचे अध्यक्ष असताना सुरू झाल्या. तेव्हा त्या 17 होत्या, 2004 मध्ये 24 झाल्या.

समितीचं सचिवालय मंत्रालयाला प्रश्नावली धाडतं, लेखी उत्तरं येतात आणि मग मंत्रालयाचा सचिव आपले अधिकारी घेऊन साक्षीला बसतो. मंत्र्याला बोलावत नाहीत. सगळी उलटतपासणी फिरते ती तीन रकान्यांभोवती : मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. एखाद्या योजनेला भरघोस तरतूद दाखवून डिसेंबरनंतर ती कापली असेल, किंवा नऊ महिन्यांत निम्मासुद्धा खर्च झाला नसेल, तर ते इथे उघडं पडतं. अडचण वेळेची. एकेका समितीकडे कधी तीन-चार मंत्रालयं असतात आणि एकेकाच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरी बैठक येते. बैठकीला एक-तृतीयांश सदस्य असले की गणपूर्ती होते, आणि बरेचदा त्याहून फार जास्त नसतातही.

तरी हे काम का महत्त्वाचं? सभागृहात पुढे जे होतं त्यामुळे. लोकसभेत मोजक्याच मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी अध्यक्ष गिलोटिन लावतात आणि बाकीच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. 2018 आणि 2023 मध्ये तर सगळ्याच मागण्या अशा मंजूर झाल्या. त्या दोन्ही वर्षी मंत्रालयवार खर्चाची संसदेने जी काही छाननी केली, ती समित्यांच्या अहवालांतच आहे.

वर्षाचा उरलेला भाग विधेयकं आणि समितीने स्वतः निवडलेले विषय यांत जातो. विधेयक समितीकडे आपोआप जात नाही, ते पाठवायचं की नाही हे दर वेळी ठरवलं जातं. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्यात 16 टक्के. दुसरी खोट मुदतीची. समिती एका वर्षापुरती असते. नवी रचना होईपर्यंत काम थांबतं, आणि एखादा विषय सदस्यांना कळू लागतो तोवर वर्ष संपतं. निवडणुकीनंतर तर कसोटीच. 2019 मध्ये नव्या लोकसभेच्या समित्या सप्टेंबरात बनल्या. तोवर पहिलं अधिवेशन उरकलं होतं आणि त्यातलं एकही विधेयक स्थायी समितीकडे गेलं नव्हतं.

लोकलेखा समितीची चाल निराळी. तिची नजर होऊन गेलेल्या खर्चावर. महालेखापरीक्षकांच्या अहवालांतले निवडक परिच्छेद ती तपासायला घेते. संसदेने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा एक रुपया जरी जास्त खर्च झाला, तरी मंत्रालयाला या समितीपुढे कारण द्यावं लागतं आणि मग कलम 115 खाली तो खर्च नियमित करून घ्यावा लागतो. सदस्य 22. अध्यक्ष 1967 पासून प्रथेने विरोधी पक्षाचा. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी हे तसे पहिले.

बैठका बंद दाराआड होतात. पुष्कळांना हे खटकतं, मला नाही. कॅमेरा नसला की खासदार पक्षाचं भाषण न करता प्रश्न विचारतो, आणि अधिकारीही थोडं खरं बोलतो. मला खटकतं ते पुढचं : शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. तीन महिन्यांत उत्तर द्यायचं, एवढंच बंधन. त्या उत्तरांवर समिती पुन्हा एक अहवाल काढते. त्याची पाच प्रकरणं असतात. पहिल्यात समितीचं भाष्य, दुसऱ्यात सरकारने मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या, आणि पाचव्यात अंतिम उत्तर अजून यायचं आहे अशा. वेळ कमी असेल तर थेट चौथं प्रकरण उघडा. 'शिफारशी मान्य' असं छापून आलेल्या बातम्यांत हे प्रकरण क्वचितच असतं. दुसऱ्या प्रकरणातही जपून. 'नोंद घेतली' एवढ्या उत्तरावरसुद्धा शिफारस 'मान्य' म्हणून तिथे जाऊन बसते.

आणखी एक समिती आहे, ती कुणाच्या गावीही नसते. सरकारी आश्वासनांची, 1953 पासूनची. सभागृहात मंत्री म्हणतो, 'माहिती गोळा करत आहोत', 'विषय विचाराधीन आहे', 'मी लक्ष घालतो'. अशा ठरलेल्या शब्दप्रयोगांची यादीच आहे. त्यातलं वाक्य तोंडातून गेलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करावं लागतं. नाही जमलं तर मुदतवाढ मागायची, किंवा आश्वासन वगळा म्हणून समितीलाच विनवायचं. म्हणूनच मुरलेला अधिकारी उत्तराचा मसुदा करताना 'विचाराधीन' हा शब्द टाळतो.

तुम्हाला यात हात घालायचा असेल तर वाट आहे. एखादं विधेयक समितीकडे गेलं की ती बहुधा वृत्तपत्रांत जाहिरात देऊन सूचना मागवते. मुदत साधारण पंधरा दिवसांची, निवेदन हिंदी किंवा इंग्रजीत. विधेयक चांगलं की वाईट यावर पानं भरू नका. कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, तुम्ही सुचवता ते शब्द आणि एका परिच्छेदात कारण, एवढं लिहा. छाननी कलमवार होते, त्यामुळे कलमाला न जोडलेली सूचना कुठे ठेवायची हेच कुणाला कळत नाही. प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं असेल तर तसं निवेदनातच लिहा. आणि ते पाठवलंत की समाजमाध्यमांवर टाकू नका : ते समितीच्या गोपनीय दप्तराचा भाग होतं आणि बाहेर फिरवणं संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतं.