लेन्सच्या झाकणाएवढं झाड

१२ ऑगस्ट, लीफ्डेफ्योर्ड, स्वालबार्ड (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं). रात्रीचे पावणेबारा.

बोटीवर सामसूम आहे. केबिनचा पडदा ओढून बसलोय, नाहीतर ऊन थेट वहीवर येतं. सूर्य क्षितिजाच्या चार बोटं वर, आणि तिथूनच तो पुन्हा चढायला लागणार. आपल्याकडे ज्या सोनेरी उजेडासाठी पहाटे चारला उठून गड चढायचा, तो इथे तासन्‌तास मिळतो. त्यामुळे झोपेचं पार खोबरं झालंय.

सकाळी रबरी होडीतून मोनॅको हिमनदीसमोर गेलो. मोनॅकोच्या राजपुत्र पहिल्या अल्बर्टने इथे मोहिमा काढल्या होत्या, त्याच्यावरून हे नाव. बर्फाची भिंत अगदी समोर, दगड मारला तर लागेल अशी. तेवढ्यात तिचा एक कोपरा निसटला. पाणी उसळलं, पण आवाज नाही. मी नकळत सेकंद मोजले. पाचला गडगडाट पोचला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर! सह्याद्रीत लांबचा डोंगर धुरकट दिसतो, त्यावरून अंतराचा अंदाज येतो. इथे हवा इतकी लख्ख, आणि मापाला एक झाड नाही, की डोळाच फसतो. आता स्क्रीनवर ती भिंत बंगल्याच्या कुंपणाएवढी दिसतेय. झूम केल्यावर तिच्या पायथ्याशी पांढरे कण दिसले. ते किटीवेक, म्हणजे कुरव पक्षी. शेकडो.

दुपारी अस्वल दिसलं. २०२५ पासून त्याच्यापासून निदान ३०० मीटर दूर राहायचा नियम आहे (१ मार्च ते ३० जून तर ५००). गाईडने दुर्बिणीने अंतर मोजलं आणि होडी मागे घेतली. माझ्या पदरात एक पिवळट ठिपका पडला. कुरकुर नाही, घर त्याचं आहे. कुरकुर माझ्या वेंधळेपणाची: बोटीवर परतल्यावर कॅमेरा पिशवीत न घालता तसाच गरम जेवणघरात नेला. लेन्सवर असं दव धरलं की वीस मिनिटं बसून राहिलो, आणि तेवढ्यात बाहेर सील येऊन गेला म्हणे.

संध्याकाळी किनाऱ्यावर उतरलो. गाईड बंदूक घेऊन टेकाडावर उभी, आणि मी दगडांत पालथा. समोर ध्रुवीय विलो, आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. वाळुंजाखाली गुरं बसतात. हे झाड माझ्या करंगळीच्या पेराएवढं. खोड जमिनीला चिकटलेलं, दोन-तीन पानं पिवळी पडलेली. त्याच्याही ऋतूची अखेर आली. शेजारी लेन्सचं झाकण ठेवून फोटो काढला. झाकण उंच निघालं.

दिवसभरात सहाशे फोटो काढले. ज्यात वस्तू केवढी आहे ते कळतं असा हा एकच. हिमनदीशेजारी काय ठेवायचं?

बारा वाजून गेले. ऊन पडद्याच्या फटीतून उशीवर आलंय. पुन्हा डेकवर जातो.