मियाटाचे शॉकप आणि एक अडेल बोल्ट

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी खिडकीतच उभारली. बाहेर वारा असा की तांब्या शेजाऱ्यांच्या अंगणातून आणावा लागला असता. मिशिगनमधला मार्च पाडव्याला कधीच साथ देत नाही.

दुपारी गाडी बाहेर काढली. डिसेंबरपासून पांघरुणाखाली होती. बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, दुकानात मिळालेल्या शेवंतीचा हार घातला आणि एक चक्कर मारली.

१९९७ची मझदा मियाटा. बटण दाबल्यावर झोपेतून डोळे उघडल्यासारखे वर येणारे दिवे या वर्षापर्यंतच होते, पुढच्या पिढीत गेले. सहा वर्षांपूर्वी मी घेतली तेव्हाच ती बावीस वर्षांची होती. गाडीत माणसं दोन आणि सामान एका पिशवीपुरतं. नवऱ्याने तेव्हा विचारलं होतं, "आपण तिघं आहोत ना?"

आज फाटकावरून जाताना रुळांवर दात एकमेकांवर आपटले. ते नेहमीचंच. पण चौकात ब्रेक दाबला तर पेडल ओल्या स्पंजासारखं आत गेलं आणि गाडी डावीकडे ओढली. हे नवीन.

घरी येऊन पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून पाहिला. जेमतेम दोन बोटं खाली गेला आणि काहीतरी टणक लागल्यासारखा अडला. सोडल्यावर मात्र दोनदा डुलला.

रात्री साडेनऊला, म्हणजे कराडला सकाळी सातला, दादाला फोन केला. दादाचं गॅरेज आहे. मियाटा त्याने फक्त माझ्या फोनवर पाहिली आहे, पण चाकं चारच आहेत म्हटल्यावर त्याला तेवढं पुरतं.

"शॉकप गेल्यात," तो म्हणाला. "पण दोन बोटंच का खाली जातीया? स्प्रिंग कुणी बदलल्यात का बघ."

शनिवार, ५ एप्रिल

बदलल्यात.

आधीच्या मालकाने दीड इंच बुटक्या, जाड तारेच्या स्प्रिंगा टाकलेल्या. चाक आणि मडगार्डमधली फट कमी दिसली की गाडी रुबाबदार दिसते, एवढ्यासाठी. मीही घेताना त्या फटीवरच भाळले होते, तेव्हा त्याला फार बोलणार नाही.

पुढचा शॉकप काढला तर दांड्यावरचा बंपस्टॉप हातात चुरा होऊन आला. चहात जास्त वेळ राहिलेल्या बिस्किटासारखा. खड्डा मोठा आला आणि स्प्रिंग पूर्ण दबायला आली, तर शेवटचा दणका झेलायला हा तुकडा असतो. या गाडीत मुळातच चाकाला वर सरकायला जागा थोडी. त्यातली दीड इंच स्प्रिंगनेच खाल्ली, म्हणजे सहा वर्षं मी जवळजवळ बंपस्टॉपवर बसूनच गाडी चालवली. आणि तो कडकपणा म्हणजेच स्पोर्ट्स कार, असं पाहुण्यांना कौतुकाने सांगितलं.

जेवणानंतर सुचलं ते असं. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई. त्यांनी आणि मंडळींनी 'जिन्बा इत्ताई' हे ब्रीद धरलं होतं: घोडा आणि स्वार एकजीव. एवढ्या स्वस्त गाडीला पुढे-मागे चारही चाकांना डबल विशबोन देणं तेव्हा चैनीचं होतं. चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म. वरचा आखूड, खालचा लांब, त्यामुळे चाक वर गेलं किंवा गाडी वळणात कलली तरी टायर रस्त्याला जमेल तेवढा सपाट टेकतो. आता चाक वर जाऊच शकत नसेल, तर या सगळ्या भूमितीचं काय लोणचं घालायचं?

ठरवलं: मूळ उंचीच्या स्प्रिंगा. भंगारवाल्याकडे एका ठोकलेल्या मियाटाच्या मिळाल्या, चारही, गंज वरवरचा. शॉकप कोनी कंपनीचे, पिवळे. त्यांच्या दांड्यावरचा खटका फिरवला की स्प्रिंग परत उसळतानाचा विरोध कमी-जास्त करता येतो, दबतानाचा नाही. मला नेमकं तेच हवंय. दबताना मऊ, उसळताना आवरलेली. शिवाय शॉकपचं वरचं टोक गाडीला धरून ठेवणारी टोपी पुढच्या पिढीच्या मियाटाची घेतली. ती जशीच्या तशी बसते आणि चाकाला आणखी थोडी जागा देते.

रविवार, ६ एप्रिल

आज रामनवमी, आणि वनवास मला. मागच्या नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) खालच्या आर्मशी जोडणारा लांबलचक बोल्ट. नट सुटला, बोल्ट हलेना. सांध्यातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीत तो गंजून एकजीव झालाय (हिराईंना अभिप्रेत होतं ते एकजीव हे नव्हे). इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ असल्याच जागा शोधून काढतं.

गंज सोडवायचं तेल फवारलं, चहा प्यायले, परत फवारलं. मग हातोडा.

"हाणू नगंस," दादा पडद्यावरून ओरडला. "टोक फुगंल, मग ते भोकातनं कधीच येणार नाही. तापीव. लाल करायची गरज न्हाई. तापलं की मेण लाव. मेण वितळून आत वढलं जातं."

वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या निघाल्या, गुलाबी. ब्रेकचा होज आधी बांधून बाजूला केला, अग्निशामक नळकांडं जवळ ठेवलं आणि गॅसचा टॉर्च पेटवला. बुशच्या रबराचा धूर असा की नवरा खाली येऊन काही न बोलता गॅरेजचं दार वर करून गेला. गुलाबी मेण शिरलं. पाना लावला. कुर्र करून पाव आटा फिरला, मग मागे, मग पुढे. चाळीस मिनिटांनी डावा बोल्ट माझ्या हातात होता.

उजवा आला नाही. मेणबत्त्या संपल्या.

शनिवार, १२ एप्रिल

उजवा कापला. करवतीची तीन पाती खलास. नवा बोल्ट घालताना तांब्याचं ग्रीस इतकं चोपडलं की पुढची पिढी मला दुवा देईल.

बुश एका मशीन शॉपमधून दाबून बसवून आणले. पॉलियुरेथेनचे घे, असं तिथल्या माणसाने दोनदा सांगितलं. मी रबराचेच घेतले. पॉलिचे टिकतात, पण ग्रीस सुकलं की जुन्या झोपाळ्यासारखे करकरतात.

एक चूक होता होता राहिली. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळतायत, आणि मी भराभर आर्मचे बोल्ट आवळत सुटले. अर्ध्यात लक्षात आलं. रबरी बुश फिरत नाही, तो पिळला जातो. लोंबत्या स्थितीत आवळला की तीच त्याची शून्य रेघ ठरते. मग गाडी जमिनीवर टेकली की तो चोवीस तास पिळलेला, आणि वर्षा-दोन वर्षांत फाटतो. सगळे परत सैल केले. आता चाकांवर गाडीचं वजन आल्यावरच आवळणार. चाकांखाली लाकडाच्या जाड फळ्या ठेवून गाडी टेकवायची आणि सरपटत खाली जायचं. पंचेचाळिशी उलटली की सरपटण्याला ओवा लागतो.

शुक्रवार, १८ एप्रिल

सुट्टी घेऊन ब्रेक.

पुढच्या डिस्कची नवी जाडी २० मिलिमीटर, किमान १८. माझ्या १८.३, आणि कडेला गंजाची किनार. बदलल्या. डावीकडे ओढण्याचं कारण उजव्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यात होतं. ज्या पिनांवर तो सरकतो त्यातली एक घट्ट धरलेली, म्हणून उजवं चाक अर्ध्याच मनाने थांबत होतं. पिना घासल्या, रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर पिनांवरची रबरी टोपणं फुगतात आणि पिन परत धरते.

मागच्या कॅलिपरला एक गंमत आहे. पिस्टन शिकंजात धरून आत दाबायला गेलं तर जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्याच पोटात. मागचा १४चा बोल्ट काढायचा, आत ४ मिलिमीटरची ॲलन की घालायची आणि घड्याळाच्या उलट फिरवायची. पिस्टन निमूटपणे आत. हे माहीत नसल्याने मोडलेले कॅलिपर दादाच्या भाषेत 'बळाचं काम'.

मग ब्रेक ऑइल. म्हणायचं ऑइल, पण ते तेल नव्हेच. खरं खनिज तेल आत गेलं तर सगळी सीलं फुगून निकामी. हे ग्लायकॉलचं, आणि हवेतली ओल पीत राहणारं. डॉट ४ या दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल प्यायल्यावरचा मानक १५५. माझं काढलेलं कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. घाटात उतरताना ते उकळलं, तर पेडलखाली वाफ, आणि वाफ दाबली जाते. मिशिगनमध्ये घाट नाहीत हे माझं नशीब.

पेडलवर लेक. पेडलखाली आधी लाकडाचा ठोकळा ठेवला, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या जुन्या मास्टर सिलिंडरचा जो भाग रोज वापरात नाही तो आतून खरबरीत असतो, त्यावरून सील घासलं की फाटतं. मग एकेका चाकाकडून जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायची, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

लेक इतर वेळी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. आज दोन तास शुद्ध मराठी, मोजून तीन क्रियापदांत. एकदा माझ्या "सोड"च्या आधीच सोडलं, नळीतून हवा परत आत, ते चाक पुन्हा पहिल्यापासून. "सॉरी, सोडलं," म्हणाली.

रविवार, २० एप्रिल

काल सव्वाशे डॉलर देऊन अलाइनमेंट. उकलताना चाकांचा कोन ठरवणाऱ्या कॅम बोल्टांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या होत्या, म्हणून तिथपर्यंत गाडी सरळ गेली. आज पहाटे रिकाम्या रस्त्यावर ब्रेकचे पॅड डिस्कवर रुळवले. ताशी साठ मैलांवरून दहापर्यंत, आठ वेळा, मध्ये कुठेही पूर्ण न थांबता. गरम डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की तिथे डाग उमटतो आणि पेडल थरथरायला लागतं. शेवटी वास सुटला, मग दहा मैल नुसती रमत चालवली.

आणि फाटक. सवयीने जबडा आवळला, पाठ सीटपासून सोडवली. रूळ आले, गाडी खाली वाकली, वर आली, आणि झालं. मी पुढे जाऊन वळून परत आले. तीन वेळा ओलांडलं. वळणातही आता ती थोडी कलते, मग टेकून उभी राहते. पूर्वी कलायची नाही, नुसती उडायची, आणि मी स्टिअरिंग धरून त्याला पकड म्हणायची.

चाक आणि मडगार्डमधली फट मात्र आता चांगली चार बोटं दिसते. नवरा म्हणाला, उंच टाचा घातल्यासारखी वाटते.

मागे डावीकडून बारीक टकटक येतेय, हळू वेगात, फक्त खड्ड्यात. अँटिरोल बारची (वळणात गाडीचं कलणं आवरणारा दांडा) लिंक असावी. फोन डिकीत ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि दादाला पाठवला. तिकडे अजून सात वाजायचे आहेत.