डायबेटीसच्या साईट फक्त घरच्या वायफायवरच उघडत नव्हत्या

गेल्या महिन्यात अण्णांचा रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ८.९. अण्णा म्हणजे माझे वडील, सगळी नोकरी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून केली, सकाळी मूठभर बेदाणे आणि दिवसातनं चार वेळा गुळाचा चहा हे त्यांचं ठरलेलं, त्यामुळं रिपोर्ट बघून घरात सगळेच गप्प झाले. मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून समजावलं, अर्धं ताट भाज्या, पाव ताट डाळ-उसळ-अंडं, आणि राहिलेल्या पावात भाकरी नाहीतर भात. म्हणाले, अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या साईटवर याची चित्रं आहेत, वडलांना ती दाखवा, नुसतं सांगून डोक्यात बसत नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला तर साईट लागेचना. थोडा वेळ गोल फिरतंय आणि मग कनेक्शन रिसेट झालं असा मेसेज. म्हटलं साईट बंद असेल, दुसरी बघू, तीही तशीच, तिसरीही तशीच. आणि यूट्यूब, बँक, पेपर, सातबारा सगळं व्यवस्थित चालू. अण्णा शेजारी चष्मा लावून बसलेले, "लागतंय का रं?" म्हणून दर दोन मिनिटांनी विचारत होते आणि मला खरंच वाईट वाटत होतं, कारण माणूस पहिल्यांदाच स्वतःहून पथ्य समजून घ्यायला बसला होता.

कस्टमर केअरला फोन केला, तिथल्या मुलानं सरळ सांगितलं राउटर रिसेट मारा. हे मात्र कुणीही लगेच करू नका. मागच्या भोकात पिन घालून रिसेट केलं की त्यातलं नेट कंपनीच्या लाईनला जोडणारं पीपीपीओईचं युजरनेम पासवर्ड, व्हीलॅनचं सेटिंग सगळं पुसलं जाऊ शकतं, आणि मग चालू असलेलं नेटही जातं आणि लाईनमन येईपर्यंत तुम्ही बसून. आधी दोष कुठं आहे ते शोधायचं, मग हात लावायचा.

मी मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावर तीच साईट लावली, लगेच उघडली. म्हणजे साईट जिवंत आहे. मग लॅपटॉपला मोबाईलचा हॉटस्पॉट दिला, तिथंही उघडली, म्हणजे लॅपटॉपही सुटला. परत घरच्या वायफायवर आलो की बंद, लॅनची केबल थेट राउटरला लावली तरी बंद. म्हणजे घोळ एकतर राउटरमध्ये नाहीतर त्याच्या पलीकडं कंपनीकडं. त्या रात्री अण्णांना चित्रं मोबाईलवरच दाखवली, पण त्यांना बारीक दिसतं, मोठ्या स्क्रीनवर दाखवायचं होतं.

मग डीएनएसचा संशय, म्हणजे साईटच्या नावावरनं तिचा आकड्यांचा पत्ता शोधून देणारी सोय. एनएसलुकअप, म्हणजे तो पत्ता विचारणारी कमांड, केलं तर पत्ता बरोबर येतोय. तरी लॅपटॉपला ८.८.८.८ हा गुगलचा डीएनएस देऊन बघितलं, काही फरक नाही. पिंग केलं, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारली, तर उत्तर येतंय! म्हणजे नाव सापडतंय, रस्ता चालू आहे आणि पान तेवढं येत नाही. मग ब्राउझरमध्ये नाव न टाकता नुसता आयपी, म्हणजे तो आकड्यांचा पत्ता टाकला, तर सर्टिफिकेट, म्हणजे साईटचं ओळखपत्र, जुळत नाही असा इशारा आला. तो इशारा बघून मला बरं वाटलं, कारण तो बहुतेक वेळा तेव्हाच येतो जेव्हा पलीकडच्या सर्व्हरशी बोलणं झालेलं असतं. थोडक्यात काय, नाव घेऊन गेलं की मधे कुणीतरी अडवतंय, नाव न घेता गेलं की सोडतंय.

ब्राउझर एचटीटीपीएसनं जातो तेव्हा आतलं सगळं कुलूपबंद असतं, पण सुरुवातीच्या पहिल्या निरोपात आपल्याला कुठल्या साईटकडं जायचंय ते नाव बहुतेक वेळा उघडंच असतं, त्याला एसएनआय म्हणतात. राउटरचा फायरवॉल तेवढंच वाचू शकतो. आणि म्हणूनच आणखी एक गोष्ट जुळली, विकिपीडियावरचं डायबेटीसचं पान घरी उघडत होतं, इंटरनॅशनल डायबेटीस फेडरेशनची साईटही उघडत होती कारण तिचा पत्ता आयडीएफ डॉट ऑर्ग आहे. अडत होत्या त्या फक्त ज्यांच्या पत्त्यातच डायबेटीस हा शब्द आहे त्या.

आता हा शब्द कोण कशाला ब्लॉक करेल? मी कागदावर न उघडणाऱ्या साईटची नावं एकाखाली एक लिहीत होतो तर आमची ही म्हणाली, छोटीची एबीसीडीची साईट पण कधीपासनं लागत नाही की, तीही लिहा. तिच्या पत्त्यात अल्फाबेट आहे. दोन्ही शब्द एकाखाली एक आले आणि दिसलं. डायबेटीस. अल्फाबेट. दोन्हीत बेट, इंग्रजी बी-ई-टी, म्हणजे पैज.

धाकट्या भावाला पुण्याला फोन लावला कारण राउटरचा पासवर्ड त्यानं बदललेला. तो म्हणाला, "दादा, ते मीच टाकलेलं की, आयपीएल चालू होती तेव्हा." दोन वर्षांपूर्वी चुलत्यांचा नातू अकरावीला आमच्याकडं राहायला होता, त्याच्या वर्गातली पोरं मॅचवर पैसे लावत होती, त्याला त्या नादाला लागू द्यायचं नाही म्हणून भावानं केलेलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. १९२.१६८.१.१ वर, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या पानावर, लॉगिन केलं, फायरवॉलच्या खाली यूआरएल फिल्टर, त्यात चार शब्द, कॅसिनो, पोकर, रमी आणि बेट. फिल्टरला बेटिंग काय आणि साखरेचा आजार काय, त्याला नुसती तीन अक्षरं दिसतात. इंग्लंडमध्ये स्कनथॉर्प नावाचं गाव आहे, १९९६ मध्ये तिथल्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडं खातं उघडता येईना कारण गावाच्या नावात एक घाण शब्द लपलेला होता, हे मी वाचलेलं पण तेव्हा आठवलं नाही.

बेट हा शब्द काढला, सेव्ह केलं, राउटर एकदा बंद-चालू केला आणि साईट लागली. बाकीचे तीन शब्द ठेवलेत, आणि बेटिंगच्या ज्या साईट खरंच बंद करायच्या त्यांचे पूर्ण पत्ते टाकले, अर्धे शब्द नाहीत. लॉगिनचा पासवर्ड आणि फिल्टरमध्ये काय काय आहे ते एका कागदावर लिहून राउटरच्याच मागं चिकटवलंय, तारखेसकट.

अण्णांनी ताटाचं चित्र मोठं करून बराच वेळ बघितलं. मग स्वयंपाकघरातनं स्वतःचं स्टीलचं ताट आणलं, पट्टी घेऊन मोजलं, कारण त्या साईटवर ताट ९ इंची सांगितलंय आणि आमचं १२ चं निघालं. दुसऱ्या दिवशी गणपती पेठेतनं जाऊन लहान ताट घेऊन आले.