बीसीएल-टू पॉझिटिव्ह

"मॅडम, वडिलांच्या पेशी मरायलाच तयार नाहीत म्हणे. मग रेडिएशनचा शेक देऊन काय उपयोग? घरात ठरलंय, उगाच हाल करायचे नाहीत."

मी मिरजेत पॅथॉलॉजिस्ट आहे. समोर बसलेल्या तरुणाचे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांत पुकारा करायचे. हंगाम सुरू, त्यात घसा बसलेला. खडीसाखर आणि ज्येष्ठमधावर काही महिने निघाले. शेवटी दुर्बिणीतून तुकडा काढला तर स्वरयंत्राचा कॅन्सर. पुढे एका नातेवाइकाने परगावच्या लॅबमधून जादा तपासण्या करून घेतल्या. त्यात दोन ओळी होत्या: बीसीएल-टू पॉझिटिव्ह, पी-५३ पॉझिटिव्ह. बाकीचं मुलाने मोबाइलवर वाचलं होतं.

वाचलेलं खोटं नव्हतं. बिघडलेल्या पेशीने आपणहून मरायचं असतं. या मरणाला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी अपॉप्टोसिस हे नाव दिलं. बीसीएल-टू हे प्रथिन ते मरण अडवतं. पण रेडिएशनने पेशी या एकाच वाटेने मरत नाहीत. डीएनए तुटलेल्या कितीतरी पेशी पुढे विभागायला जातात आणि तिथेच संपतात. म्हणूनच की काय, घशाच्या कॅन्सरच्या काही अभ्यासांत बीसीएल-टू असलेले रुग्ण लवकर गेले, तर काहींत तेच जास्त जगले. या तपासणीत प्रथिन असलेल्या पेशी रंगतात; पण किती टक्के रंगल्या की पॉझिटिव्ह म्हणायचं, यावरही एकमत नाही. पी-५३ हे बिघडलेल्या पेशीला आवरणारं प्रथिन तर तंबाखूमुळे होणाऱ्या अशा बहुतेक कॅन्सरमध्ये बिघडलेलंच असतं. असल्या दोन ओळींवर कुणाचा उपचार थांबावा, हे मला सहन होईना.

मी त्याला मायक्रोस्कोपवर बसवलं. गाठीच्या कडेला बारीक, तपकिरी रंगलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, होत्या.

"या वडिलांच्या चांगल्या पेशी. यांच्यातही बीसीएल-टू आहे, असायलाच हवं."

तो बराच वेळ बघत राहिला. "मग बघायचं काय?"

मी फाइलमधला दुसरा कागद काढला. गाठ एकाच स्वरतंतूवर, तंतू नीट हलतोय, मानेत गाठी नाहीत. म्हणजे टी-वन, अगदी सुरुवातीचा टप्पा. कॅन्सर ज्यांतून पसरतो त्या लसीकावाहिन्या स्वरतंतूत फार कमी, त्यामुळे इथला आजार मानेत उशिरा उतरतो. या टप्प्यावर नुसत्या रेडिएशनने दहातल्या साधारण नऊ जणांचा आजार आटोक्यात येतो. हे आकडे सांगताना माझाच आवाज चढला होता.

रेडिएशनच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून वेळ घेतली. जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्यायला सांगितलं.

"पुढच्या हंगामात पुकारतील का?"

"बोलतील नक्की. पुकारायचं कधी, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून. पण बिडी आजच सुटायला हवी. शेक चालू असताना ओढत राहिले, तर उपचाराचा गुण कमी येतो."

"आजच सांगतो," म्हणाला, आणि जिन्यातच घरी फोन लावला.