संमेलनाची फाईल

मंडळाच्या वार्षिक संमेलनाच्या आठवणी निघाल्या की कुणी नाटकात चुकलेली एन्ट्री सांगतं, कुणी ऐन समूहगीतात गेलेली वीज. कार्यालयाच्या कपाटात तीच संमेलनं वेगळ्या रूपात ठेवलेली असतात: पाठीवर वर्ष लिहिलेल्या, दोरीने बांधलेल्या जाडजूड फायली. अनुदानासाठी जमवलेले हे कागद. आज चाळायला घेतले की तास कसा जातो ते कळत नाही.

पडदा उघडायचा डिसेंबर-जानेवारीत, पण फाईल उघडायची भर पावसाळ्यात. पहिला कागद कार्यकारिणीचा ठराव: कोणत्या योजनेत अर्ज करायचा, सह्या कोणी करायच्या. त्याची तारीख अर्जाच्या तारखेआधीची लागते. घाईत अर्ज आधी गेला आणि ठराव मागाहून लिहिला, की त्रुटीपत्र ठरलेलं. मग नोंदणीचे कागद. महाराष्ट्रातल्या बहुतेक मंडळांकडे दोन प्रमाणपत्रं असतात, एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं, दुसरं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचं. शिवाय पॅन, मंडळाच्या नावाचं बँक खातं, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. केंद्राच्या मंत्रालयाकडे जायचं तर दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक; कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ या नमुन्यातली नोंदणी.

एवढं सगळं असूनही अर्ज अडतो तो बदल अर्जापाशी. निवडणूक होते, नवे पदाधिकारी येतात, हारतुरे होतात, आणि धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत द्यायचा बदल अर्ज राहून जातो. परिशिष्ट-१ वर, म्हणजे विश्वस्तांच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं. अर्जावर सही नव्या अध्यक्षांची, सरकारदरबारी अध्यक्ष मात्र जुने. काही जुन्या फायलींत तर परिशिष्टावरचे निम्मे विश्वस्त दिवंगत आहेत. या एका कागदापायी मंडळांची वर्षं वाया गेली आहेत.

अंदाजपत्रकाचं पान सगळ्यात खाडाखोडीचं. मंडप, ध्वनी-प्रकाश, कलाकारांचं मानधन, छपाई, प्रवास असा प्रत्येक खर्च वेगळ्या शीर्षाखाली आणि त्यामागे हिशेब: मंडप किती चौरस फूट, दर काय, दिवस किती. ‘इतर किरकोळ’ लिहिलं की छाननीत पहिली कात्री तिथेच. आकडा फुगवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण सांस्कृतिक मंत्रालयाच्या समारंभ व निर्मिती अनुदानात सर्वसाधारण मर्यादा ५ लाखांची आहे. पंधरा लाखांचं अंदाजपत्रक जोडलं तर उरलेले दहा कुठून आणणार, हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर, म्हणजे वर्गणी आणि स्मरणिकेच्या जाहिराती, अर्जातच मांडलेलं बरं. आणि दरपत्रकं तीन हवीत, तीन वेगवेगळ्या मंडपवाल्यांची. एकाच अक्षरात लिहिलेली तीन दरपत्रकं जुन्या फायलींत सापडतात. हसू येतं, पण तपासणाऱ्याला तेव्हा आलं नसणार.

मंजुरीपत्र आलं की सगळे रक्कम पाहतात. खजिनदाराने आधी तारीख पाहायची. मंजुरीआधी केलेला खर्च बहुतेक योजनांत धरत नाहीत, त्यामुळे उत्साहाने आधीच छापलेल्या निमंत्रणपत्रिका मंडळाच्या खिशातून जातात. पैसा हप्त्यांनी येतो, शेवटचा हप्ता हिशेब दिल्यावर. म्हणजे संमेलन उभं करायचं ते स्वतःच्या गंगाजळीवर. ती नसेल तर मोठ्या अनुदानाच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग ते दोन दिवस. पहाटे बांबू उतरायचे, दुपारपर्यंत कनाती, संध्याकाळी माईकची ‘हॅलो, हॅलो, चेक’. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा दंडक. म्हणून बक्षीस समारंभ नाटकाच्या आधी घेण्याची पद्धत पडली. पाहुण्यांची भाषणं लांबली तरी गदा नाटकावर येते, कागदोपत्री कार्यक्रमावर नाही.

या धामधुमीत एका माणसाला दुसरं काही काम द्यायचं नाही. त्याने फक्त बिलं गोळा करायची. बिल मंडळाच्या नावाने हवं, सचिवांच्या नावाने नको. ‘कच्चं देतो, पक्कं नंतर’ म्हणणारा नंतर फोन उचलत नाही. मानधन शक्यतो खात्यावर. रोख ५,००० च्या वर दिलं तर पावतीवर १ रुपयाचं महसुली तिकीट आणि त्यावर आडवी सही. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत कागदाच्या पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढायची, कारण त्यावरची अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात आणि वर्षा-दोन वर्षांत कागद कोरा होतो. तपासणी नेमकी त्यानंतर येते. आमच्या कपाटात अशा कोऱ्या पावत्यांचं एक पाकीट अजून आहे.

ध्वनी-प्रकाशात वाचलेले पैसे मंडपाकडे वळवायचे तर आधी लेखी परवानगी, नाहीतर तेवढी रक्कम परत. केंद्राच्या अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही परत करावं लागतं. ते वेगळं काढता यावं म्हणून स्वतंत्र खातं सोयीचं. अनुदानातून माईकचा संच घेतला तर तो मत्ता नोंदवहीत, म्हणजे मंडळाच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत, चढतो आणि परवानगीशिवाय विकता येत नाही. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला, केंद्रासाठी जीएफआर (केंद्राचे वित्तीय नियम) १२-ए नमुन्यात. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची मुदत असते. मंडळी ती पूर्ण वापरतात, आणि तोवर पुढच्या वर्षीचा अर्ज अडकून पडतो. सनदी लेखापालाकडे मेअखेर कागद पोचवले तर हे टळतं.

फोटो मात्र भरपूर. फलकावरचं योजनेचं नाव वाचता येईल असे, प्रेक्षकांचे मागून आणि पुढून. शिवाय हजेरीपट: नाव, गाव, सही. तेव्हा कटकट वाटायची. दारात रांग खोळंबायची, आज्जी म्हणायच्या, ‘नाटक बघायलाही सही लागते का रे?’ आता तेच पान सगळे आधी उघडतात. एका ओळीत थरथरता अंगठा, खाली पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं एका पोराचं नाव, सहीच्या रकान्याबाहेर गेलेलं. ते पोर आता बिलं गोळा करतं.